बेलच्या बटनांचा कंट्रोलर

गौतमच्या अंत्ययात्रेआधी, अंगणात बुद्धवंदना चालू असताना, मी गेमचा कंट्रोलर कानाला लावून ‘हॅलो’ म्हणालो.

झालं असं, की सकाळी गौतमच्या घरून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, लवकर या,” एवढंच म्हणाल्या, आणि त्या आवाजावरून पुढचं सगळं कळलं. मी मोबाइल टेबलावर ठेवला, पायजमा बदलला, आणि निघताना टेबलावरून जे हाताला लागलं ते खिशात घातलं. मोबाइल घरीच राहिला. तासाभरानं त्रिशरण सुरू झालं, सगळे हात जोडून उभे, आणि माझ्या खिशात थरथर झाली. पुढचं वर सांगितलंच आहे. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखानं याचं डोकं फिरलं. खरी गोष्ट अशी, की आतल्या खोलीत गौतमच्या पलंगाजवळ त्याचा डबा आदल्या संध्याकाळपासून बंद न करता तसाच राहिला होता. माझ्या खिशात कुठलं तरी बटन दाबलं गेलं आणि त्या कंट्रोलरनं भिंतीपलीकडचा आपला डबा बरोबर शोधून काढला. डबा जागा झाला... फक्त खेळणारा नव्हता.

डबा म्हणजे हातात धरून खेळायचा गेमचा कन्सोल. प्रज्ञा, गौतमची मुलगी, नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तो इथंच सोडून गेली. गौतम जिल्हा परिषदेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला. त्यानं डब्याकडे वर्षभर ढुंकूनही पाहिलं नाही. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, आणि घरात बघायला येणाऱ्यांची रांग लागली. येणारा प्रत्येक जण दारातूनच आवाज बारीक करायचा. एकदा त्याचा साडू असाच कुजबुजत वहिनींना विचारायला लागला, “जेवण जातंय का?” गौतम पलंगावरून ओरडला, “हात गेलाय माझा, कान नाय गेले! मला इचार की!” डॉक्टरांनी पिळायला स्पंजचा चेंडू दिला होता, तो त्यानं खिडकीतून गल्लीतल्या कुत्र्याला दिला. आणि मला म्हणाला, “दिल्या, तो डबा काढ.”

आता तो डबा दोन हातांनी धरायचा. गौतमकडे एकच, तोही डावा. म्हणजे डबा स्टँडवर उभा करायचा आणि बिनतारी कंट्रोलर वेगळा घ्यायचा. पण डब्याची कंपनी आपल्याच कंट्रोलरशी डबा जोडू देणार, आणि तो कंट्रोलरही दोन हातांचा. गौतमनं महिनाभर मोबाइलवर वाचून वाचून डब्याचं सॉफ्टवेअरच बदलून टाकलं. आता त्याला कुणाचाही कंट्रोलर चालणार होता. मी आपला घाबरट. म्हटलं, “अरे, कंपनीनं बंद केलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असेल ना?”

“व्हय, दोन हातवाल्यांचा इचार केलाय,” तो म्हणाला. “डबा माझा, हात माझा. कंपनीला काय म्हणून इचारू?”

मग शहागंजच्या बाजारातून मी दारावरच्या बेलची बटनं आणली. मोठी, पांढरी, तळहातानंही दाबता येणारी. एका जुन्या कंट्रोलरचं पोट फाडून त्याच्या तारा या बटनांना जोडायच्या आणि सगळं वहिनींच्या मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर बसवायचं, असा बेत. तार मी धरायची, सोल्डरचा डाग तो देणार. पहिला डाग माझ्या अंगठ्यावर पडला. मी बोंबललो तर म्हणतो कसा, “थरथर तुझ्या हाताला आहे, आणि आजारी म्हणून बघायला मला येतात!” वहिनींना झाकणाचं संध्याकाळी कळलं. त्या प्रकरणात मी जाणार नाही.

मला त्यानं एक छोटा, तळहातात मावेल एवढा कंट्रोलर दिला आणि तो डब्याशी जोडायला शिकवलं. दोन बटनं एकदम दाबून धरायची, निळा दिवा भरभर लुकलुकला की डब्याच्या पडद्यावर त्याचं नाव येतं, ते निवडायचं. दिवा स्थिर झाला की जमलं. एवढं सोपं काम. मी घरी सराव म्हणून तो माझ्या मोबाइलशीच जोडून ठेवला. दुसऱ्या दिवशी गौतमकडे बसलो, दिवा स्थिर, आणि पडद्यावरची माझी गाडी काही हलेना. मी बटनं बडवतोय, इकडे खिशातल्या मोबाइलमध्ये काय काय उघडतंय आणि बंद होतंय. शेवटी तिकडून बायकोचा आवाज, “अहो, बोला की! फोन तुम्हीच लावलाय ना?”

गौतम हसून हसून पलंगावर आडवा झाला. मग म्हणाला, “शेवटी ज्याच्याशी जमलं, त्याच्याकडंच जातंय ते. तुझ्यापेक्षा इमानदार आहे यार.”

रोज दुपारी आम्ही गाड्यांची शर्यत खेळायचो. त्याची गाडी लाल, माझी निळी. सुरुवातीला तो सारखा हरायचा. बेलचं बटन उशिरा दाबलं जायचं, गाडी कठड्यावर जाऊन आपटायची. मला बघवेना. एका दुपारी शेवटच्या वळणावर मी ब्रेक दाबून ठेवला आणि लाल गाडीला पुढं जाऊ दिलं. टाळ्याही वाजवल्या.

गौतमनं झाकण खाली ठेवलं.

“हे बघ, दिल्या,” तो म्हणाला. “बायको ताटात मऊ भात वाढतीय. पोरगी फोनवर हळू बोलतीय. साडू तर माझ्यासमोर शिंकतबी नाय. एक तू होतास. तूबी दयाच करायला येणार असशील तर उद्यापासून येऊ नको.”

मी सारवासारव करायला गेलो. त्यानं डाव्या हातानं दार दाखवलं. चपला घालताना मागून आवाज आला, “येणार असशील तर जिंकायला ये!”

दुसऱ्या दिवशी मी गेलो, आणि दात-ओठ खाऊन खेळलो. जिंकलो. तो खूश झाला, मला शिव्या देऊन झाकणावरची बटनं पुन्हा खोलायला बसला. पुढं हळूहळू लाल गाडी वळणावर माझ्या गाडीच्या आतल्या बाजूनं पुढं निघायला लागली. मुद्दाम हरणं मी कधीच सोडलं होतं. हरणं मात्र वाढत गेलं. तरी तो दर विजयानंतर माझ्याकडे रोखून बघायचा. “खरं सांग. सोडलीस का?” मी आईची शपथ घ्यायचो. त्याला ते कधी पूर्ण पटलं की नाही, कुणास ठाऊक. तेवढी एक दुपार आमच्या मध्ये बसूनच राहिली.

तो गेला त्याला आता काही आठवडे झाले. साडू म्हणतो, डबा कंपनीच्या मूळ स्थितीला आणून विकून टाका. मला हे ऐकूनच संताप आला. मूळ स्थिती म्हणजे काय? गौतमला बाहेर ठेवणारी! मी तावातावानं गौतमच्या घरी पोचलो, वहिनींना समजवायला. बघतो तर वहिनी पलंगावर बसलेल्या, मांडीवर ते झाकण, समोर डबा. पडद्यावर कंपनीची सूचना: नवीन अपडेट करायचं का? केलं असतं तर गौतमची सगळी करामत पुसली गेली असती. वहिनींनी बेलचं बटन दाबून ‘नको’ म्हटलं.

“रोज इचारतंय,” त्या म्हणाल्या. “मी रोज नाय म्हणते. यांनी सांगून ठेवलं होतं. बसा.”

मी खिशातून कंट्रोलर काढला. दोन बटनं दाबली, दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. या खेपेला मोबाइल घरी ठेवून आलो होतो, मुद्दाम. वहिनींनी लाल गाडी घेतली. मी मनात म्हटलं, बाई दुःखात आहे, थोडं सांभाळून खेळावं... आणि लगेच गौतमचा तो डावा हात आठवला, दाराकडे केलेला. मग मी जीव तोडून खेळलो. अगदी कोपरं हलवत, जीभ बाहेर काढून.

तिन्ही शर्यती हरलो.

वहिनी माझ्याकडे गौतमसारख्याच रोखून बघायला लागल्या. मी शपथ घ्यायला हात वर केला, तोवर त्याच बोलल्या, “यांच्या मनात शेवटपर्यंत होतं, तुम्ही मुद्दाम हरता म्हणून. उगीच जीव जाळला बघा. मुद्दाम हरायला आधी खेळता यावं लागतंय, भाऊजी.”