एकेचाळिसावी तळटीप

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एकेचाळीस क्रमांकाची तळटीप आहे. ती खोटी आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला तीसहून जास्त वर्षं लागली, आणि जिच्यासाठी ते वेळेवर लिहायला हवं होतं तिला आता त्याचा काही उपयोग नाही. तरी लिहितो.

मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंग्लंड हा माझा विषय. तिथलं पार्लमेंट, गिरण्या, मजूर, गरिबांसाठी केलेले कायदे, सगळं मी तोंडपाठ सांगायचो. इंग्लंड मात्र कधी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये मला ‘राणीचे कारभारी’ म्हणत. राज्यशास्त्राचे प्राध्यापक चहाच्या वेळी हमखास विचारायचे, “काय कारभारी, राणीसाहेबांची तब्येत बरी ना?”

“बरी आहे. तुमची घसरलेली हजेरी पाहून जरा काळजीत होत्या,” असं काहीतरी मी म्हणायचो. सगळे हसायचे. मला ते आवडायचं.

हा विषय मी का घेतला, तर कापसामुळे. माझं गाव शिरपूरकडचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तिकडचा कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बसल्या आणि इंग्रजांचं लक्ष आमच्या खानदेशाच्या कापसाकडे वळलं, हे एम.ए.ला वाचलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. आमच्या शेतातलं बोंड तिकडच्या मजुराच्या चुलीपर्यंत पोचलं होतं. त्या काळातले गिरणी-मजूर आणि पार्लमेंट यांवर मी पीएच.डी.ला नाव घातलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्याला पुठ्ठा नव्हता, पुढची पानंही नव्हती, त्यामुळे लेखक कोण ते कळत नव्हतं. त्यात एका विणकर बाईने चौकशी समितीपुढे दिलेली साक्ष होती. हिंदुस्थानातून येणारा आखूड धाग्याचा कापूस मागावर सारखा तुटतो, जोडण्यातच दिवस जातो, निम्मी मजुरीही हाती पडत नाही, असं ती सांगते. शेवटी ती समितीलाच विचारते की हा कापूस जे पिकवतात त्यांना तरी पोटभर मिळतं का. मी ते पान दुकानात उभ्या उभ्याच तीनदा वाचलं. माझा सगळा प्रबंध त्या एका बाईच्या तोंडी होता.

पण ही साक्ष कुठून घेतली ते त्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि तळटिपेशिवाय ती प्रबंधात घालता येत नव्हती. पार्लमेंटच्या चौकशी समित्यांचे जाडजूड अहवाल असत. त्यांच्या निळ्या पुठ्ठ्यांमुळे आम्ही इतिहासवाले त्यांना निळी पुस्तकं म्हणतो. त्यातल्या एका अहवालाचं नाव मला दुसऱ्या एका ग्रंथाच्या संदर्भसूचीतून माहीत होतं. प्रबंध टाइप करून घेत होतो तेव्हा एकदा टायपिस्ट यंत्राची रिबिन बदलत होता. तेवढ्या वेळात मी त्याच्या कागदावर त्या अहवालाचं नाव लिहिलं आणि पुढे पृष्ठ दोनशे सतरा. आकडा का सुचला ते आठवत नाही. अशी साक्ष अशाच अहवालात असणार, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्याकडे कोण तपासणार होतं?

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमकं तेच पान वाखाणलं. कॉलेजात परतलो तर शिपाई दारातच उभा. “सर, पेढा कोठे शेतस? बठ्ठा वाट देखी राह्यनात!” मी पेढे वाटले. पुढे दरवर्षी एम.ए.च्या वर्गात ती साक्ष वाचून दाखवायचो. मुली डोळे पुसायच्या.

त्यातलीच एक पुढे आमच्याच विभागात तात्पुरती अधिव्याख्याता झाली. रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. धुळ्यातच, देवपुरात एक खोली घेऊन राहायची. दर जूनला तिच्या हातात नवा आदेश पडायचा आणि उन्हाळा लागला की नोकरी संपायची. विभागात कायमची जागा निघणार होती आणि तोवर पीएच.डी. झाली तर ती जागा तिलाच मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने माझ्याच हाताखाली नाव नोंदवलं. खानदेशचा कापूस आणि तिकडचे मजूर, म्हणजे माझंच काम पुढे नेणारा विषय. मला अभिमान वाटला होता, हे खोटं नाही.

ती कामाला चिकट होती. मी दिलेला प्रत्येक संदर्भ मुळातून पाहायचा, असं तिने ठरवलं होतं. तसं करायला वर्गात मीच सांगत असे. मे महिन्यात ती कल्याणला मावशीकडे उतरली आणि मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात आठ दिवस बसून आली.

“सर, ते पान सापडलं नाही,” माझ्या घरी ओट्यावर बसून ती म्हणाली.

“आवृत्ती वेगळी असेल.”

“एकच निघाली होती. मी ग्रंथपालांना विचारलं.”

“मग तू नीट पाहिलं नसशील.”

तिने मान हलवली आणि दिवाळीच्या सुट्टीत परत गेली. या वेळी तिने तो अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. कोणत्या पानावर काय आहे ते एका वहीत लिहून आणलं. वही माझ्यापुढे उघडून म्हणाली, “दोनशे सतराव्या पानावर गावांच्या नावांचा तक्ता आहे. आणि सर, त्या समितीपुढे एकाही बाईची साक्ष झालेली नाही. सगळे पुरुषच आहेत.”

मी वही मिटली.

“तुम्हाला ती कुठे मिळाली तेवढं सांगा. मी तसं लिहीन. त्यात कमीपणा नाही काही.”

तिने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक आतल्या कपाटात होतं, उठून आणायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या वर्षी प्राचार्यपदासाठी माझं नाव पुढे आलं होतं. मी म्हणालो, “आता तू मला इतिहास शिकवणार?”

तिने कच्चा प्रबंध दिला तेव्हा त्यात एक छोटी टीप होती: ही साक्ष नमूद केलेल्या अहवालात आढळली नाही. माझं नाव तिने घातलं नव्हतं. पण आमच्या भागात त्या साक्षीचा धनी मी एकटाच होतो.

प्रबंध सादर करायला मार्गदर्शकाची सही लागते. मी नाही म्हणालो नाही. आज बघतो, उद्या बघतो, हे प्रकरण पुन्हा लिही, ती सूची पुन्हा लाव, असं करत आठ महिने काढले. टीप काढ, असं तोंडाने कधीच म्हणालो नाही. तिला ते कळत होतं आणि ती टीप काढत नव्हती.

एके दिवशी तिचे वडील आले. पहाटेची एसटी पकडून, डोक्याला रुमाल बांधून, केळ्यांच्या दोन फण्या पिशवीत घेऊन. केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसले.

“मास्तर, पोरगी म्हणते गाईड सही करत नाही. कावून करत नाही? काय चुकलं तिचं?”

“आबा, संशोधनाचं काम आहे. घाई करून चालत नाही.”

“मले त्यातलं काही समजत नाही. ती घरी येते अन् बोलतच नाही कोणाशी.” त्यांनी केळीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “घड कापायचा दिवस निघून गेला ना मास्तर, मंग व्यापारी त्याले हात लावत नाही. तेवढं पाहा.”

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. केळी शिपायाला दिली.

तिच्या नोंदणीची मुदत संपायच्या आधी विद्यापीठाला पाठवायच्या सहामाही अहवालात मी लिहिलं, ‘उमेदवाराने मूळ साधने स्वतः तपासलेली नाहीत.’ मी केलेला गुन्हा मी तिच्या नावावर चढवला, तोही माझ्या सुवाच्य अक्षरात, खाली सही आणि शिक्का मारून. सही करायला मला तिथे वेळ लागला नाही. तिची नोंदणी रद्द झाली. कायमच्या जागेवर दुसरा माणूस आला. मी प्राचार्य झालो.

विभागाच्या कपाटाची किल्ली द्यायला ती आली तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. तिने किल्ली ठेवली, किल्लीशेजारी ती वही ठेवली आणि गेली.

निवृत्तीनंतर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी रावेरला गेलो. ती भावाच्या शेतात केळी भरण्याच्या कामावर उभी होती. ट्रक लागला होता आणि ती हाताने खूण करून माणसांना घड आत लावायला सांगत होती. मला पाहून पदराने हात पुसले. “या सर. अचानक?” तिने ट्रॅक्टरच्या सावलीत खुर्ची टाकायला लावली. मी सगळं सांगितलं. पुस्तक, रिबिन, दोनशे सतरा. बोलता बोलता मी तिला ‘तुम्ही’ म्हणायला लागलो होतो.

“हे मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “तुम्ही कुठे लिहून दिलंय का?”

“नाही.”

“मग मला सांगून काय झालं, सर?” तेवढ्यात ट्रकवाल्याने हाक मारली आणि ती उठली.

लिहून देतो, असं मी म्हणालो होतो. परतलो आणि दिलं नाही. आधी मुलीचं लग्न होतं, मग माझ्या गौरवग्रंथाचं निघालं, मग पत्नी गेली. कारणं मिळतच गेली. दोन वर्षांपूर्वी अखेर विद्यापीठाला पत्र पाठवलं. इतक्या जुन्या नोंदणीची कागदपत्रं उपलब्ध नाहीत, असं उत्तर आलं. माझ्या पदवीबद्दल त्यात काहीच नव्हतं.

गेल्या महिन्यात तिला फोन केला. हे लिहितोय, छापून आलं की पाठवतो, म्हणालो.

“नका पाठवू, सर. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी वाचणं कधीच सोडलं.” नंतर आवाज खाली आणून म्हणाली, “आबा गेले, पण शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, पोरीनंच काहीतरी चूक केली.”

फोन तिनेच ठेवला.

वही माझ्यासमोर आहे. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. म्हणून दुरुस्ती करतो. प्रकरण तिसरे, टीप एकेचाळीस: ही साक्ष त्या अहवालात नाही. मी तो अहवाल पाहिलेला नाही. तिने पाहिला होता, दोनदा; दुसऱ्यांदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.