सर्व्हर चालू, सूर बंद

आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बनतं, असं बाहेर पाटीवर लिहिलंय. बनतंही. पण त्याहून जास्त किस्से बनतात! सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की जुनं काढून टाकता येतं. किश्श्यांचं तसं होत नाही. जुने जात नाहीत आणि नवे येऊन त्यांच्या डोक्यावर बसतात. परवा चहा पिताना नेहा म्हणाली, "दीदी, आप ये सब लिख क्यों नहीं डालतीं?" नेहाला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच निघतं. जबलपूरच्या निम्म्या मराठी पोरांचं हेच आहे.

तर लिहून राहिले.

ऑफिस नेपियर टाउनमध्ये, दातांच्या दवाखान्याच्या वर. आम्ही चौघं. देशकरदादा आमचे टीम लीड. प्रफुल्ल मेश्राम नेटवर्क बघतो. नेहा प्रोग्रामर, आणि मी, अनघा, टेस्टिंगवाली, म्हणजे या तिघांच्या चुका शोधणारी. एकदा देशकरदादांचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, "कोई हॉबी पकड़िए, नहीं तो गोली पकड़ाऊँगा." दादांनी हार्मोनियम पकडली. दादा टीम लीड असल्यामुळे मग आम्हीही काही ना काही पकडलं. प्रफुल्लनं तबला, नेहानं आणि मी गाणं. दर शनिवारी काम संपलं की मीटिंग रूममध्ये दुबे गुरुजी शिकवायला येऊ लागले. दवाखान्यातल्या पेशंटांना वाटायचं, आवाज आतल्या खुर्चीवरून येऊन राहिला. दोघं-तिघं तर नंबर यायच्या आतच घरी गेले म्हणे!

* * *

पहिल्याच शनिवारी गुरुजी म्हणाले, "सा लगाओ."

दादांनी विचारलं, "कौन सा सा, गुरुजी? स्पेसिफिकेशन क्या है?"

"जो गले में है, वही."

हे काही दादांना पटलं नाही. पुढच्या शनिवारी ते मोबाईलमध्ये सूर मोजायचं ॲप घेऊन आले. गुरुजींनी डोळे मिटून सुंदर षड्ज लावला. दादांनी मोबाईल पुढे धरला आणि अगदी आदरानं म्हणाले, "गुरुजी, ज़रा सा नीचे जा रहा है."

आम्ही तिघं जमिनीकडे बघू लागलो.

गुरुजी चिडले नाहीत. त्यांनी दादांच्या हातातून मोबाईल घेतला, समोरच्या गादीवर ठेवला आणि म्हणाले, "अच्छा, तो आज इसी को सिखाते हैं. आप बाहर बैठिए."

आणि खरंच शिकवलं! पूर्ण क्लासभर ते त्या मोबाईलसमोर गायले. अधूनमधून थांबून त्याला "समझे?" असंही विचारायचे. दादा बाहेर जिन्यावर बसून होते. शेवटी गुरुजींनी मोबाईल परत दिला.

"बच्चा होनहार है. बस एक कमी है. कभी 'वाह' नहीं बोलता."

दादांनी तिथल्या तिथं ॲप डिलीट केलं.

* * *

गुरुजींनी मला सकाळी उठून खर्ज लावायला सांगितला. खर्ज म्हणजे खालचा, जाड सूर. आम्ही दीक्षितपुऱ्यात राहतो. तिथे घरांच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या असतात, त्यामुळे माझा खर्ज आमच्या घरात कमी आणि तिवारी आंटींच्या घरात जास्त ऐकू जायचा.

पहिल्या दिवशी आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काहून कण्हून राहिली वं? पोटात दुखते का?"

"आई, रियाज आहे."

"हो का? मंग दार लावून घे."

दार लावलं. पण भिंतीचं काय करणार? थोड्या वेळानं तिवारी आंटी हातात वाफाळता गिलास घेऊन हजर! "बिटिया, रात भर तकलीफ़ रही होगी. ये अजवाइन का काढ़ा पी लो."

आंटी मायाळू बाई. त्यांचं मन मोडवेना, म्हणून मी प्याले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खर्ज, पुन्हा काढा. काढ्यात पुढे आलं वाढलं, मग काळी मिरी, मग हळद. माझा आवाज जसजसा खाली जायचा तसतसा काढा कडक व्हायचा. मी तोंड वाकडं करून प्यायचे आणि आंटी समाधानानं परत जायच्या.

मग पावसाळ्यानंतर एका सकाळी काढा आला नाही. मी वाट पाहिली. दुसऱ्याही दिवशी नाही. शेवटी मीच भिंतीपलीकडे जाऊन विचारलं, "आंटी, तबियत ठीक है ना आपकी?"

आंटी म्हणाल्या, "मेरी तो ठीक है. तुम्हारी भी अब ठीक लग रही है!"

गुरुजींनी इतक्या महिन्यांत मला शाबासकी दिली नव्हती. आंटींनी दिली.

* * *

प्रफुल्लचा हात कुठेही चालतो. टेबल, लॅपटॉप, टिफिन, हेल्मेट. त्याच्या हाताखाली आलेली वस्तू तबला होते.

पुण्याच्या एका क्लायंटबाईंबरोबर व्हिडिओ कॉल होता. बाई कडक. आमचं काम उशिरा होत होतं, कॉन्ट्रॅक्ट हातून जाईल अशी भीती होती आणि देशकरदादांच्या कपाळावर घाम. दादा कारणं सांगत होते आणि शेजारी प्रफुल्ल टेन्शनमध्ये टेबलावर बोटं आपटत होता. माईक चालू आहे हे कोणाच्या ध्यानातच नाही!

बाईंनी मध्येच विचारलं, "तुमच्याकडे हा आवाज कसला येतोय?"

दादा म्हणाले, "मॅडम, ते... शेजारी बांधकाम चाललंय."

"अस्सं." बाईंनी कान दिला. प्रफुल्लची बोटं हवेतच थिजली होती. बाई म्हणाल्या, "थांबलं का? तीनतालात चाललं होतं. पण तुमच्या मिस्त्रीला सांगा, समेच्या आधी घाई करतोय."

दादांनी कपाळ पुसलं. प्रफुल्लच माईककडे वाकून म्हणाला, "जी मॅडम. सांगतो त्याले."

कॉन्ट्रॅक्ट राहिलं. त्या बाई आता प्रत्येक कॉलच्या शेवटी विचारतात, "बांधकाम कुठवर आलं?"

* * *

सर्व्हर बंद पडला की आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर अलार्म वाजतो. तो इतका कर्कश होता, की नेहानं तो बदलून स्वतःच्या आवाजातली भूपाची सरगम टाकली. "दीदी, कम से कम सर्वर सुर में तो मरेगा."

कल्पना छान होती. पण पुढच्याच शनिवारी गुरुजींच्या बरोबर त्यांचे गुरुबंधू आमचा क्लास बघायला आले. गुरुजींनी कौतुकानं आमची ओळख करून दिली, सगळ्यांना नीट बसवलं, तानपुरा लावला आणि डोळे मिटून भूपाची सरगम सुरू केली. अगदी तीच, कारण नेहाला ती त्यांनीच शिकवलेली!

क्षणात चौघंही उठलो. दादांनी हार्मोनियम ढकलली, प्रफुल्ल तबल्यावरून उडी मारून गेला, मी आणि नेहा लॅपटॉप काखेत मारून सर्व्हर रूमकडे पळालो. तिथे बघतो तर सगळे हिरवे दिवे. सर्व्हर ठणठणीत!

माना खाली घालून परत आलो. गुरुजी तसेच बसलेले. गुरुबंधूंकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "मेरे गाने से लोग उठकर जाते थे, ये तो पता था. दौड़कर जाते आज पहली बार देखे."

* * *

मंडळाच्या गणपतीत आमचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. देशकरदादा भजन म्हणणार होते. पाठांतर नको म्हणून त्यांनी शब्द टॅबलेटवर घेतले. तोच टॅबलेट त्यांच्या मोबाईललाही जोडलेला होता, मोबाईलवरचे मेसेज त्यावरही यायचे.

त्याच संध्याकाळी दादांची बायको, आमच्या सुषमावहिनी, माहेरून, नागपूरहून येणार होत्या. त्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. दादा ते साफ विसरले होते!

भजन रंगलं. दादा डोळे अर्धे मिटून गात होते. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यासाठी त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं आणि आर्त सुरात उचललं,

"कुठे आहात तुम्ही... उभी आहे कधीची..."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे शब्द तालमीत नव्हते. पण चालीत चपखल बसले होते! टाळवाल्या मंडळींनी लगेच झेललं, "उभी आहे कधीची!"

"वाट पाहून थकले... एकदा तरी उत्तर द्या..."

"एकदा तरी उत्तर द्या!" अख्खा मांडव म्हणाला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदरानं डोळे टिपले. इतक्यात दादांना आपण काय वाचतोय ते कळलं. आवाज कापायला लागला, तर लोकांना वाटलं भाव दाटून आला!

कसंबसं भजन संपलं. टाळ्यांच्या गजरात त्या आजी पुढे आल्या. "फार सुंदर हो! दुसरं कडवं कोणत्या संताचं?"

मांडवाच्या दाराशी ऑटो थांबला होता. सुषमावहिनी बॅग घेऊन उतरत होत्या. दादा तिकडे बघत म्हणाले, "त्या आल्याच आहेत. तुम्हीच विचारा."

* * *

प्रफुल्लचे वडील कारखान्यात होते. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं गाणं ठरलेलं असायचं, शब्द त्यांचे आणि चालही त्यांचीच. मग त्यांना पॅरालिसिस झाला. हातपाय पुढे पुष्कळसे सुधारले, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, ओठ हलायचे, शब्द मात्र बाहेर पडत नसे. पोराचं नावही नाही. प्रफुल्ल ऑफिसात हे कधी सांगत नसे. आम्हाला कळलं तेही त्याच्या घरी गेलो तेव्हा.

एका रविवारी सकाळी मीटिंग रूम रंगवायला काढली होती, म्हणून गोहलपुरात प्रफुल्लच्या घरी तालीम ठेवली. बाबा आतल्या खोलीत पलंगावर. प्रफुल्ल सारखा आत डोकावत होता. "आवाज जास्त तर नाही होऊन राहिला, बाबा?" बाबा मान हलवायचे.

तालीम संपत आली तेव्हा प्रफुल्ल म्हणाला, "दादा, बाबाचं एक गाणं वाजवता का? चाल सांगतो मी."

त्यानं गुणगुणून सांगितली, दादांनी चाचपडत वाजवली. शब्द येत नव्हते, म्हणून नेहानं नुसत्या 'आ'कारात म्हणून पाहिली. मुखडा एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. तिसऱ्या वेळेला आतून आवाज आला.

शब्दांसकट. थोडा घोगरा, पण एकेक शब्द स्वच्छ!

प्रफुल्लची आई चहाचा ट्रे घेऊन उंबरठ्यातच उभी राहिली. दादांनी हार्मोनियम थांबवली नाही, चुकत होते तरी वाजवत राहिले. बाबा पूर्ण कडवं गायले. आम्ही आत गेलो तेव्हा ते आमच्याकडे बघून काहीतरी सांगू लागले, तर पुन्हा नुसते ओठ.

आई एवढंच म्हणाली, "चहा निवून राहिला." मग ट्रे खाली ठेवून ती पलंगाशी बसली. जन्मात कधी गाणं न म्हटलेली ती बाई, लाजत, त्याच चालीवर म्हणाली, "चहा घेता काऽऽ?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ लागला. मग त्याच चालीवर, तुटत तुटत आलं, "सा... खर... कमीऽऽ."

तेव्हापासून त्या घरात सगळं गाऊन चालतं. औषध घेतलं का, पंखा लावू का, जेवायला काय करू. डॉक्टरांनी त्याला काहीतरी मोठं नाव सांगितलं आणि म्हणाले, "चालू द्या."

परवा दुपारी ऑफिसात प्रफुल्लच्या आईचा फोन आला. बाबा जेवत नव्हते. प्रफुल्लनं फोन स्पीकरवर टाकला, डोळे मिटले आणि सगळ्या ऑफिससमोर गायला लागला, "बाबा, जेवून घ्या नाऽऽ..."

कोणी हसलं नाही. सूर मात्र भयंकर लागला होता. दादांनी की-बोर्डवरून हात उचलले. नेहा पाणी पिता पिता थांबली.

पलीकडे भांड्याचा एक आवाज. आणि मग घोगऱ्या आवाजात, अगदी सुरात, उत्तर आलं,

"प्रफुल्ल्याऽऽ... तू तबलाच वाजव बे!"