भिकूची नक्कल

"काय रे, धागा तुटला का?" मॅडमनी विचारलं आणि सगळा वर्ग हसला.

भिकू लाकडी फळ्यांवर वाकला होता. बोटं हवेत काहीतरी चाचपत होती.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. मॅडम कशेळीच्या गोदामवाल्यांची सून, स्पेनला जाऊन फ्लॅमेंको नाच शिकून आलेल्या. वर्ग गोदामाच्या माडीवर. भिकू आणि मी टेमघरला एकाच शेडमध्ये लूम चालवायचो. तिथे कापडाचे गठ्ठे पोचवताना टाचांचा आवाज ऐकला, धीर करून विचारलं, आम्हाला शिकवाल का. त्यांना गंमत वाटली. घेतलं.

बारा मात्रांचा फेरा आम्हाला लवकर जमला. पंजा, टाच, टाच. जोर कुठे द्यायचा ते कान सांगायचे. पण या नाचात मध्येच सगळं एकदम थांबतं. ते थांबणं हाच नाच. लूमवर आवाज थांबला की धागा तुटलेला असतो, हात आधी तिकडे जातो. भिकूचा गेला.

मी हसलो. सगळ्यांत मोठ्याने. त्यांच्यातला दिसावं म्हणून.

भिकू पुन्हा आला नाही. मी जात राहिलो. पाहुणे आले की मॅडम म्हणायच्या, "ते भिकूचं दाखव ना!" मी वाकायचो, बोटं चाळवायचो. टाळ्या पडायच्या. किती वेळा केलं, आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणंही खोटंच.

मग कार्यक्रम ठरला. मॅडमनी ती नक्कल त्यात घातली. तालमीत मी वाकलो आणि खाली माझेच हात दिसले. तेलाने काळी झालेली नखं. मी सरळ उभा राहिलो.

"न्हाय करणार."

"मग इथे तुझं काम काय?"

त्यांनी दिलेले नाचाचे बूट काढून ठेवले आणि अनवाणी जिना उतरलो.

तसाच राहनाळला भिकूच्या घरी गेलो. तो उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "लूमनं कान अर्धं गेलं माझं. पन त्या दिवशी तुझा हसनं बरोबर आयकू आला."

दार लागलं. आता भिकू नाही. ते हसणं मात्र रोज ऐकू येतं, माझ्याच गळ्यातून.

माफी मी मागत नाही. द्यायला कुणी उरलं नाही. मी नाचतो, घरच्या फरशीवर, अनवाणी. थांबण्याच्या जागी माझाही हात खाली जातो. मी तो आवरत नाही. ज्याला हसायचं त्याने माझ्यासमोर येऊन हसावं.