न सापडलेलं रफू

आमच्या टोळीला माझ्या बायकोने ठेवलेलं नाव ‘भंगार मंडळ’. दर रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात, कागद कापायच्या यंत्रामागच्या लांब टेबलाभोवती आम्ही चौघं जमायचो. एक निवृत्त पोस्टमन, तो लष्करी पदकं जमवायचा. एक दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे जुन्या संगिनी. आठवडाभर लोकांच्या तोंडात टोकदार हत्यारं घालूनही त्याची हौस भागत नसावी. मी सैनिकांच्या वह्या आणि नकाशे जमवायचो. चौथे रफूवाले काका. त्यांच्याकडे कोट होते, लढाईवरून आलेले, भंगारात गेलेले आणि तिथून त्यांनी उचललेले.

मंडळाचा एक नियम होता आणि तो मीच केलेला होता. नवी वस्तू आली की ती टेबलाभोवती फिरणार आणि प्रत्येकाने तिच्यातली एक तरी खोट काढायचीच. दुरुस्ती केली असेल तर मालकाने सांगायची नाही, ती आम्ही शोधायची. ज्याच्या वस्तूत कुणालाच खोट सापडणार नाही, त्याला खिडकीजवळची हातांची खुर्ची. सात वर्षांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. आम्ही लोकच तसे, दुसऱ्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागायचा नाही.

काकांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, दाराएवढ्या रुंदीची. सिगारेटने जळलेली शाल, उंदराने कुरतडलेली विजार असं काहीबाही घेऊन लोक यायचे आणि चार दिवसांनी ‘अहो, नक्की कुठे होतं भोक?’ असं विचारून जायचे. त्या प्रश्नावर काका जगायचे. घरी मात्र सुनेची कटकट होती. ती म्हणायची, “मेलेल्या माणसांचे कपडे कशाला आणता घरात?” काका म्हणायचे, “अगं, मेलेली माणसं परत मागायला येत नाहीत. जिवंत गिऱ्हाइकं बघ कशी डोकं खातात.”

एवढा हात असूनही आमच्या टेबलावर त्यांची डाळ शिजायची नाही. डॉक्टरची बोटं वाईट. डोळे मिटून कापडावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, “काका, इथे रफू.” आम्ही हसायचो. मी तर त्यांना चिंध्यासम्राट म्हणायचो. काका हसण्यावारी न्यायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे ते मला दिसायचं. दिसूनही मी थांबलो नाही, हे इथेच सांगून टाकतो.

मग एका रविवारी त्यांनी तो कोट आणला. राखाडी, जाड लोकरीचा, शिपायाचा साधा कोट. कॉलरच्या आत पांढऱ्या पट्टीवर शाईने लिहिलेला नंबर. कोट एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. मी भिंग लावून अर्धा तास शिवणी पाहिल्या. पोस्टमनने बटणं मोजली, अस्तर उलटं केलं. डॉक्टरने डोळे मिटून पुढून, मागून, बाह्यांवरून बोटं फिरवली आणि शेवटी म्हणाला, “नाही बुवा. हार मानली.”

काका उठले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. सत्तरीचा माणूस, पण शाळेत पहिला आल्यासारखा चेहरा. माझा जळफळाट झाला, तरी त्या दिवशीचा चहा मीच मागवला.

पोस्टमनची एक जुनी खोड होती. वस्तूवर नंबर दिसला की तो कागदावर उतरवायचा आणि पत्रं लिहीत सुटायचा. नंबराचा माणूस कोण, त्याचं घर कुठे, कुणी उरलंय का. तीस वर्षं पत्रं वाटली, आता स्वतःच लिहायची हौस. बहुतेक पत्रांना उत्तर येत नसे. या कोटाच्या पत्राला चार महिन्यांनी उत्तर म्हणून एक बाई स्वतःच आल्या.

साठी ओलांडलेल्या, सडपातळ, हातात कापडी पिशवी. आमच्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “तो नंबर माझ्या भावाचा. एकोणीस वर्षांचा होता. कोट बघू का?”

काकांनी कोट समोर ठेवला. बाईंनी आधी छातीवर हात ठेवला, मग कोट उलटा करून पाठीवर. पुन्हा छातीवर. मग आमच्याकडे पाहिलं.

“भोकं कुठे आहेत?”

कुणालाच काही कळेना. त्यांनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं पत्र काढलं. पन्नास वर्षांपूर्वी पलटणीकडून आलेलं. गोळी आरपार गेली, पळताना मारला गेला, सोबत कोट पाठवत आहोत. इतकंच.

“पळताना,” बाई म्हणाल्या. “त्या एका शब्दामुळे माझ्या वडिलांनी त्याचं नाव घ्यायचं बंद केलं. आई त्यातच गेली. आता गावात मेलेल्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवतायत. पळपुट्यांची नावं त्यावर नाहीत. मी अर्ज केला, तर समिती म्हणते पुरावा आणा. लष्करातून निवृत्त झालेला एक माणूस मला म्हणाला, कोट मिळाला तर कळेल. गोळी शिरते तिथे कापडाचे धागे आत वळतात, बाहेर पडते तिथे बाहेर. पुढून शिरली असेल, तर तो तोंड देऊन उभा होता.”

डॉक्टर काकांकडे बघायला लागला. मीही. काका खुर्चीतून उठले होते.

“दोन होती,” काका म्हणाले. “एक छातीवर, एक पाठीत. मी बुजवली.”

“मग उघडा की.”

“ताई, उघडून उपयोग नाही. रफू करायच्या आधी कडा कापून साफ करतात. फाटके धागे ठेवले की रफू वर येतं, बोटाला लागतं.” त्यांनी डॉक्टरच्या बोटांकडे पाहिलं. “मी नेहमीपेक्षा जास्त साफ केल्या होत्या. कोट तीन दिवस गार पाण्यात ठेवला होता, डाग जावा म्हणून.”

बाई खाली बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, कारण ती खुर्ची आणि तो नियम माझाच होता.

पुरावा उरला नसला तरी समितीपुढे आम्ही सगळेच गेलो. सरकारी इमारतीचा दुसरा मजला, हिरवं कापड घातलेलं टेबल, तीन माणसं. अध्यक्ष म्हणजे चष्मेवाले शांत गृहस्थ. त्यांनी कोट हातात घेतला, शेजारच्याला दिला, त्याने तिसऱ्याला. मला आमचा रविवार आठवला. तिघांनी उलटसुलट करून पाहिलं, एकाने तर खिडकीच्या उजेडासमोर धरला.

“या कोटाला तर काहीच झालेलं नाही,” अध्यक्ष म्हणाले.

काकांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. त्यांनी खिशातून सुई आणि बारीक कात्री काढली. “द्या इकडे.” आणि भर कचेरीत उभ्या उभ्या ते स्वतःचं रफू उसवायला लागले. धागा धागा करून. पाऊण तास लागला. शेवटी टेबलावर दोन भोकं उघडी झाली, छातीवर एक, पाठीवर एक, दोन्ही सारखी गोल, कडा अगदी स्वच्छ.

अध्यक्षांनी भोकावरून बोट फिरवलं. “काका, ही कात्रीची भोकं आहेत.”

“कात्री मी लावली. खाली गोळीचंच होतं.”

“कापण्याआधी पाहिलं होतं? धागे कुठे वळले होते?”

“पाहिलं होतं,” काका म्हणाले. “छातीवरचे आत वळले होते. पुढूनच शिरली गोळी. शपथेवर सांगतो.”

बाईंनी डोळे मिटले. अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि म्हणाले की म्हणणं नोंदवलंय, पण नुसत्या म्हणण्यावर पलटणीचा शेरा खोडता येणार नाही. दगडावर नाव येणार नाही. ते वाईट माणूस नव्हते. आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

जिन्यात बाई थांबल्या. मी आणि पोस्टमन दोन पायऱ्या खाली होतो, डॉक्टर पुढे गेला होता.

“भाऊ,” त्या काकांना म्हणाल्या, “आता इथे कुणी लिहून घेत नाहीये. खरं सांगा. पुढून की मागून?”

काका कठड्याला धरून उभे होते. जन्मभर भोकं बघण्यात गेलेला माणूस, जळकं कुठलं, कुरतडलेलं कुठलं, खिळ्याने फाटलेलं कुठलं, लांबून सांगणारा.

“मी पाहिलंच नाही, ताई,” ते म्हणाले. “यांना सापडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.” आणि तिथेच रडायला लागले.

मला वाटलं, आता ही बाई त्यांच्या तोंडात मारणार, आणि मारलंही असतं तर मी मधे पडलो नसतो. त्यांनी कोट स्वतःकडे घेतला.

“आमच्या घरात बारा वर्षं होता हा कोट,” त्या म्हणाल्या. “पेटीच्या तळाशी. त्या पत्रातला तो शब्द वाचला आणि आम्ही गाठोडं सोडलंच नाही. आई गेल्यावर वडिलांनी ते तसंच भंगारवाल्याला दिलं. मी दारात उभी होते. बारा वर्षांत एकदा जरी गाठ सोडून बघितलं असतं, तर धागे जागेवरच होते.”

त्यांनी कोटाची घडी घातली. काकांनी डोळे पुसले, सुई अजून त्यांच्या हातातच होती. म्हणाले, “द्या, निदान भोकं तरी बुजवून देतो. पुन्हा होती तशी करतो.”

“नको,” बाई म्हणाल्या आणि कोट पिशवीत ठेवला. “आता तरी बघू दे मला.”

त्या जिना उतरून गेल्या. पुढच्या रविवारी मी ती खुर्ची फोडून कारखान्यातल्या सरस तापवायच्या भट्टीत घातली. काका आले नाहीत, आणि त्यानंतर कधीच आले नाहीत.