पुढच्या दांडीवर मावशी

माणसाचं निम्मं आयुष्य सायकल चालवण्यात आणि उरलेलं ती पुसण्यात जायला हवं, असं मनापासून मानणारा एकच माणूस देवानं घडवला आणि तो आमच्या मावशीच्या वाट्याला आला. मावसाजींच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती, सायकलवाली आणि बिचारी. मोटारीतून उतरणाऱ्याकडे ते इतक्या काळजीनं बघत, की आपल्याला काही दुखणंबिखणं झालंय की काय, अशी शंका त्या माणसालाच यावी. घरात कोणाचं पोट बिघडलं, कोणाचं लग्न जुळेना, कोणी परीक्षेत आपटला, की त्यांचा सल्ला ठरलेला: "थोडी सायकल चालवून पाहा, बापू." माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीचं शिक्षण, रंग, घराणं यांपैकी कशाचीच त्यांनी चौकशी केली नाही. सायकल येते का, एवढंच विचारलं. येत नाही म्हटल्यावर चेहरा पाडून बसले आणि लग्नात आहेर म्हणून लेडीज सायकल घेऊन आले. ती त्यांनी मांडवात, अगदी अक्षतांच्या वेळेला, घंटी वाजवत आणली.

जवाहरनगरला ते फॅक्टरीत होते. क्वार्टरच्या तोंडाशी बस येई, सगळी कॉलनी तिच्यात चढे आणि मावसाजी बसच्या बाजूनं सायकल हाणत जात. "बंद पडली तं आवाज दे बरं," असं ते ड्रायव्हरला रोज न चुकता सांगत. ड्रायव्हर सज्जन होता, रोज मान डोलवी. रविवारी व्हरांड्यात जुनं वर्तमानपत्र पसरून ते अख्खी सायकल खोलत. बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये भिजत घालायला त्यांना मावशीच्या वाट्याच लागत, आणि म्हणून त्या घरच्या पोह्यांना सोमवारपर्यंत एक वेगळाच वास येई. पाहुण्यानं नाक मुरडलं तर मावसाजींना खरंच कळत नसे, की याला झालं काय.

मावशी मात्र या सगळ्याला पुरून उरली होती. ते दोघं बाजाराला, दवाखान्यात, कोणाच्या बारशाला, कुठंही निघाले तरी सायकलवरच निघत. मावशी कॅरियरवर कधी बसली नाही. नऊवारी सावरून ती पुढच्या दांडीवर बसे, हॅन्डलवर हात ठेवी आणि घंटी स्वतः वाजवी. तिला मी एकदा कारण विचारलं. "मांगं बसलं तं कुठी पडून राहिलो ते दिसत नाई," ती म्हणाली, "पडाचंच हाय तं पाहून पडू." खड्डा आला की ती सांगायची, उतार आला की ब्रेकची आठवण करायची, आणि ओळखीचं कोणी दिसलं की सायकल परस्पर थांबवायची. मावसाजींचं काम फक्त पायडल मारायचं. संसारही बहुधा असाच चालला होता.

रिटायर झाल्यावर दोघं आसगावला, मावसाजींच्या गावी गेली आणि तिथं धानाच्या एका रिकाम्या गोदामात मावसाजींनी सायकलची कंपनी काढली. हो, कंपनीच. पहिली सायकल व्हायच्या कितीतरी आधी बोर्ड रंगवून झाला होता. बाजारातल्या सायकलींवर त्यांचा जुना राग होता. "ह्या डांबरी रोडाच्या लाडक्या," ते म्हणत, "शेतातल्या धुऱ्यावरून धानाचा कट्टा घेऊन चालून दाखव म्हणा." रिम, चेन, पायडल नागपूरहून यायचं आणि सांगाडा गावातला एक वेल्डर मावसाजींच्या मापानं जोडायचा. संध्याकाळी ट्रायल असे. मागं कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, बांधायचा, मावशीला पुढं बसवायचं आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चक्कर मारून यायचं. पुढून जड लागली की वेल्डर सीट जराशी मागं सरकवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा जड, मग कॅरियर मागं. मावशी दांडीवर बसल्या बसल्या मेथी निवडायची, आणि कंपनीच्या ट्रायलचा रस्ता पाळीवर पडलेल्या काड्यांवरून कोणालाही कळायचा. अखेर एका संध्याकाळी सायकल अशी सुरेख तोलात आली, की मावसाजींनी चालत्या सायकलवर दोन्ही हात सोडले. मावशीनं तिथंच त्यांचा उद्धार केला.

सायकली विकल्या गेल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. "साहेब, पुढचं चाक हलकं लागते जी," एक शेतकरी म्हणाला, "कट्टा ठेवला का सायकल आभाळाकडं पाहाते." मावसाजींना अपमान वाटला. "चाल व," त्यांनी मावशीला हाक मारली, तिला पुढं घेतलं, पाळीवरून चक्कर मारून आले आणि विचारलं, "कुठी काय?" दुसरा आला, तिसरा आला, प्रत्येकासमोर हाच प्रयोग झाला, आणि प्रत्येक वेळी निकाल एकच लागला, की सायकलीत दोष नाही, तुम्हाला बसता येत नाही. मावशीलाही यात काही वावगं वाटलं नाही. सायकल म्हणजे पुढं बसायची वस्तू, हे तिलाही मान्यच होतं.

मग मावशी दुसऱ्या एका भाच्याच्या लग्नाला सानगडीला गेली आणि मावसाजी कट्टा बांधून एकटेच ट्रायलला निघाले. पाळीच्या चढावर पुढचं चाक उचललं गेलं आणि मावसाजी, सायकल आणि धान असे तिघंही तलावात गेले. काठावर एक म्हातारा ढिवर जाळं झटकत बसला होता. त्यानं त्यांना हात देऊन वर काढलं आणि सहज विचारलं, "आज बाई नाई काय जी संगं?" मावसाजी चिखलात तसेच उभे राहिले. कपड्यांचं त्यांना भान नव्हतं. "म्हणजे हे सारं तिच्याच भरोशावर चालू होतं काय?" एवढंच ते बोलले, आणि त्याच ओल्या कपड्यांनी, जन्मात पहिल्यांदा, एसटीत बसून सानगडीला गेले. लग्नघरी मावशीनं त्यांना एसटीतून उतरताना पाहिलं आणि तिला वाटलं, गावी कोणीतरी गेलं.

गंमत म्हणजे कंपनी बुडाली नाही. ढिवरांनी तिला तारलं. मासळीचा टोपला मागं, बायको पुढं, अशी जोडीनं बाजाराला जाणारी माणसं ती. त्यांना ही सायकल अंगच्या मापाची वाटली. पण हळूहळू त्यांच्याकडंही मोटारसायकली आल्या आणि गोदामात सायकली पडून राहू लागल्या. नागपूरचा एक व्यापारी येऊन गेला. त्याला काम फार आवडलं. एकट्या माणसाला चालेल अशी बनवा, बनवाल तेवढ्या घेतो, असं त्यानं सांगितलं. तशी सायकल बनवणं वेल्डरला एका दुपारचं काम होतं. बनवली नाही तर कंपनीला कुलूप लागणार, हे मावसाजींनाही दिसत होतं. मावशी तर हात धुऊन मागं लागली. "माह्यानंतर पुढं कोण बसल जी? सुधरवा न ते."

"तू हाय न व," मावसाजी म्हणत, "मंग काहून घाई?" आणि चांगला घट्ट असलेला एखादा नट आणखी घट्ट करत बसत.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. फार दुखणं काढलं नाही. गोदाम बरेच महिने बंद होतं. मला आसगावला जायचं धैर्य होत नव्हतं, कारण त्या घरात मावशीशिवाय काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मग एक दिवस मावसाजींचाच फोन आला, "येऊन जा बापू, ट्रायल घ्याची हाय."

गोदामापुढं नवी सायकल उभी होती. सीट पुढं सरकवलेली, कॅरियरही पुढं ओढून घेतलेलं आणि त्यावर कट्टा बांधलेला. मी पाळीवरून चक्कर मारून आलो. सायकल सुतासारखी सरळ गेली.

"पुढून हलकी नाई लागली?"

"नाही, मावसाजी."

"चढावर बी?"

"चढावरही नाही. एकदम बरोबर झाली आहे."

त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली आणि चाकाचा चिखल शर्टाच्या कोपऱ्यानं पुसला. "नागपूरवाल्याले फोन लाव," ते म्हणाले. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडं घंटी वाजत होती, तेवढ्यात ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "चालते रे. तिच्याबिगर बी चालते. एवढंच पाहाचं नव्हतं मले."

पलीकडून "हॅलो, हॅलो" सुरू झालं. मावसाजींनी फोन तसाच सीटवर ठेवला आणि पुन्हा चाक पुसायला घेतलं. शेवटी मीच फोन घेतला आणि सांगितलं, की एकट्यानं चालवायची सायकल तयार झाली आहे.