दादाच्या कमाईवरचा कर

आयकराचा फॉर्म इंग्रजीत यायचा आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटीच उरले होते, म्हणून दरवर्षी ती पीडा माझ्या गळ्यात. बाबांचा आमच्या त्रियोले गावात ऊस होता, तो कारखान्यात नेणारी एक लॉरी होती, त्यामुळे सरकारला आमचा पत्ता पाठ. दादा नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेला, तिथेच इस्पितळात लागला आणि घरी मनीऑर्डर धाडू लागला.

पहिल्याच वर्षी बाबा म्हणाले, "परदेशी कमाई विचारलीय ना? लिही दादाचे पैसे."

"ती तुमची कमाई नव्हे, बाबा."

"पोराची कमाई बापाची नाही, तर काय शेजाऱ्याची?"

आमच्याकडे पगार बापाच्या हातावर ठेवायची रीत. काकांनी ठेवला होता, दादाने ठेवला. शाळेत शिकवायला लागल्यावर मीही ठेवत होते, पण माझा पगार काही बाबांना फॉर्मवर लिहावासा वाटला नाही. मुलीची कमाई ती, तिची कसली मिरवणूक!

मुकाट्याने लिहिलं. मग राजधानीतून, पोर्लुईच्या कर कचेरीतून बोलावणं आलं. बाबा लग्नातला कोट चढवून निघाले, मागोमाग मी. तिथला कारकून भला माणूस. आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत समजावत म्हणाला, "मिस्ये, मुलाची कमाई मुलाची. तो तुम्हाला देतो ती भेट. भेटीवर कर नाही. खोडून टाका."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

"भेट पाहुणा देतो," ते म्हणाले. "माझा मुलगा पाहुणा आहे का?"

"आयो!" कारकुनाने कपाळाला हात लावला. त्याच्यापुढे रोज लोक कर कमी कर म्हणून रडत असणार, आणि हा म्हातारा जास्त घे म्हणून भांडतोय. शेवटी कंटाळून म्हणाला, "ठेवा बापडे. सरकार काही नको म्हणणार नाही."

परतीच्या बसमध्ये मी बाबांना फाडफाड बोलले. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते खिडकीबाहेरचा ऊस बघत खुशीत बसले होते.

दोन वर्षं असंच चाललं. मग दादाने तिकडेच लग्न केलं, ते आम्हाला फोटोवरून कळलं. पत्रं विरळ झाली. मनीऑर्डर तर थांबलीच. बाबांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. मला दादाचा इतका राग आला होता की मीही विचारलं नाही.

फॉर्म आला. मी भरत गेले आणि परदेशी कमाईच्या रकान्यात रेघ मारायला पेन टेकवलं.

"तिथे गेल्या वर्षीचाच आकडा घाल," बाबा म्हणाले.

"यंदा एक पैसा आलेला नाही, बाबा. फुकटचा कर बसेल."

"बसू दे."

मी घातला. रडू येत होतं, तरी घातला. कर भरायला पोर्लुईला निघालो, तर बसमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठं स्वारी?"

"कर भरायला," बाबा मोठ्याने म्हणाले, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. "पोरगा तिकडे कमावतो ना, यंदाही भरावा लागतोय."