पहिल्या गिअरात मागे

पहिला गिअर टाकला, हळूच क्लच सोडला आणि ट्रॅक्टर मागे गेला. मागे संडासाची भिंत होती. ती पडली. आत कोणी नव्हतं, हे माझं नशीब.

"मिस्त्री, हे काय करून राह्यले तुमी?" घराचे मालक रामदास ओरडले.

"गिअरबॉक्समंदी काईतरी उलटं बसलं," मी म्हणालो. काहीतरी म्हणणं भाग होतं.

रिसोडला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो, आणि हे मी चारचौघांत सांगतही असतो. पण हा ट्रॅक्टर वेगळाच होता. रिठदच्या शेवंताकाकू म्हणजे रामदासच्या आई. त्यांच्या सासऱ्यांनी कधीकाळी तो जुनाच विकत आणलेला. परदेशी, एका सिलिंडरचा. ना बॅटरी, ना सेल्फ. पुढे लोखंडाचा एक पोकळ गोळा. तो ब्लोलॅम्पच्या आगीने तापवून लाल करायचा. मग स्टिअरिंग दांड्यासकट उपसून काढायचं, इंजिनाच्या बाजूला जे जड चाक असतं, ज्याला आम्ही फ्लायव्हील म्हणतो, त्यात घालायचं आणि त्यानेच हिसका मारायचा. इंजिन सुरू झालं की स्टिअरिंग परत जागेवर. काकूंनी हे सांगितलं तेव्हा वाटलं, म्हातारी माझी फिरकी घेतेय. पण खरंच तसं होतं.

गाडी कित्येक वर्षं निंबाखाली उभी होती. सायलेन्सरमध्ये उंदरांचं बिऱ्हाड, सीटखाली कोंबडीची अंडी. स्पेअर पार्ट कुठेच मिळेनात. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाच्या रिंगा घासून बसवल्या. पिस्टनची पिन अकोल्याच्या लेथवाल्याकडून करून घेतली. दोन महिने गेले.

रामदासना ती जागा सोयाबीनच्या शेडसाठी हवी होती. त्यांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, "माय, दसऱ्याले हा मारुतीच्या पारापर्यंत सोताच्या इंजनावर गेला, तर ठेवू. नाई तर भंगारवाला टेम्पो घेऊन येतेच."

काकूंना तो ट्रॅक्टर कशाला हवा होता, तेही त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "बारा वर्स वावरात त्याच्यासाठी घासलेटचे डबे नेले म्या. मामंजीनं एक डाव बसू नाई देलं. आता बसीन, मंगच मरीन."

तर, भिंत पडल्यावर मी गिअरबॉक्स खोलला. मागच्या चाकांना जोर देणारं मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात. तो चुकून दुसऱ्या बाजूने बसला, तर ट्रॅक्टर पुढच्या गिअरात मागे जातो. नवशिके मेकॅनिक ही चूक करतात. तीन दिवस खोलाखोल केली. क्राउन बरोबर होता. तसाच परत बसवला, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे गेली!

"मामुली सेटिंग होती," मी रामदासना सांगितलं. वर चहाही घेतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे. या वेळी उकिरड्यात.

काकू ओट्यावर सुपात उडीद पाखडत बसल्या होत्या. "मिस्त्री, इंजन उलटं घुमून राह्यलं वाटते. मामंजी आधी त्या बाजूच्या जड चाकाकडे पाहात."

"काकू, इंजन उलटं घुमत नसते," मी अधिकारवाणीने म्हणालो. "तुमी उडीद पाहा." आणि पुन्हा गिअरबॉक्स खोलला. आज हे लिहिताना लाज वाटते.

दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली. अर्धं गाव जमलं. भंगारवाला टेम्पोला टेकून उभा होता. मी हिसका मारला, इंजिन सुरू झालं. टाळ्या पडल्या. वर चढलो, पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर मागे! मागची माणसं उड्या मारून बाजूला झाली.

"झालं!" रामदास म्हणाले. "आणा टेम्पो."

काकूंनी हातातलं पूजेचं ताट सुनेकडे दिलं, लुगडं खोचलं आणि त्या ट्रॅक्टरजवळ आल्या. फ्लायव्हीलकडे पाहिलं. "सरका तिकडे."

मी सीटवरून उठून बाजूच्या फळीवर उभा राहिलो. काकू बसल्या. "तुमी क्लच दाबा. मी रिवर्स टाकतो."

"काकू, मागं लोकं हायेत!"

"दाबा म्हनलं ना."

दाबला. त्यांनी रिव्हर्स टाकला. मी क्लचवरचा पाय सोडला आणि ट्रॅक्टर पुढे निघाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या नेहमीच्या इंजिनात व्हॉल्व्ह असतात. ते ठरलेल्या क्रमाने उघडतात, म्हणून इंजिन एकाच दिशेने फिरतं. या इंजिनाला व्हॉल्व्हच नाहीत. हिसका मारताना कधी ते उलट झटका देतं आणि त्याच बाजूला खुशाल फिरत राहतं. मग पुढचे गिअर मागे नेतात आणि रिव्हर्स पुढे. मी दोनदा जो गिअरबॉक्स खोलला, त्याचा काही दोष नव्हता.

पोरं पुढे धावत होती. रामदास बाजूने चालत होते, तोंड उघडं. मारुतीचा पार आला. मी क्लचवर पाय ठेवला.

"काढा तो पाय," काकू म्हणाल्या.

"पार आला ना, काकू. शर्त इथपर्यंतच होती."

"शर्त त्याची होती. माही नोती."

मी पाय काढला. रिव्हर्स गिअरात, माणसाच्या चालीने, आम्ही बस थांब्यापर्यंत गेलो. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला स्टिअरिंगवरचा हात काही त्या काढत नव्हत्या. मीही बाहीने डोळे पुसले. म्हटलं, धूर लागला असेल.

सोयाबीनची शेड आता घराच्या दुसऱ्या बाजूला आहे, ट्रॅक्टर निंबाखालीच. मीही एक धडा घेतला. जुनी गाडी आली की पाना उचलण्याआधी विचारतो, ही पूर्वी कशी चालायची? मालक बाहेर ऐटीत सांगायला लागतात. तेवढ्यात घरातून कोणीतरी बाई त्यांची चूक काढते. मी ते दुसरं लिहून घेतो.